घरी शिकणाऱ्या मुलांचा संघ

सकाळचे साडेनऊ वाजून गेले म्हणजे धंतोलीतील रस्त्यांचे रूप पालटते. शाळांच्या गाड्या मुलांना घेऊन निघून गेलेल्या असतात आणि त्यांची जागा इस्पितळांकडे येणाऱ्या मोटारींनी, ऑटोरिक्षांनी व रुग्णवाहिकांनी घेतलेली असते. एके काळी वकिलांची, प्राध्यापकांची व सरकारी अंमलदारांची म्हणून ओळखली जाणारी ही वस्ती आता नागपूरची इस्पितळांची पेठ झाली आहे. जुन्या बंगल्यांभोवती जी आवारे होती, त्यांतील पुष्कळशी इमारतींनी व वाहनांच्या रांगांनी गिळून टाकली. अशा वेळी एखाद्या घराच्या माडीवर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आईसमोर वही उघडून बसलेला आहे, अशी कल्पना करा. तो आजारी नाही; परीक्षेत नापासही झालेला नाही. तो शाळेतच जात नाही. त्याला घरीच शिकवावयाचे, असे त्याच्या आईबापांनी विचारपूर्वक ठरविले आहे. अशी कुटुंबे महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतून आज आढळतात, आणि त्यांच्याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांत कुतूहलही पुष्कळ असते.

हे कायद्याने चालते काय, असा पहिला प्रश्न हटकून विचारला जातो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले. तथापि जो पालक घालणार नाही त्याला काही शिक्षा सांगितली नाही. घरी शिकविण्याचा मार्ग त्यामुळे उघड मनाईचाही नाही आणि उघड मान्यतेचाही नाही. परीक्षेची सोय मात्र आहे. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १४ वर्षे पुरी झालेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेस बसू देते. पुस्तके घरी येतात, अभ्यास घरी होतो, परीक्षेपुरते केंद्रावर जावयाचे असते. अभ्यासाची तरतूद अशी होते. परंतु मुक्त विद्यालयाला पटांगण नाही. आणि ह्या मुलांच्या बाबतीत खरी उणीव पडते ती तेथेच.

ह्यावर आईबाप सांगतात की, आमचा मुलगा खेळतो की! आणि ते खोटे नसते. तो आठवड्यातून तीन दिवस पोहावयास जातो, गच्चीवर वडिलांबरोबर बॅडमिंटन खेळतो, सायकलीवरून अंबाझरीपर्यंत जाऊन येतो. पुष्कळदा शाळेतील मुलांहून त्याचे अंग अधिक चपळ असते, कारण पाठीवर दप्तराचे ओझे नाही आणि शिकवणीची धावपळ नाही. परंतु हे सारे खेळ एकट्याचे, किंवा फार तर दोघांचे आहेत. पोहण्याच्या तलावात वीस मुले असली तरी प्रत्येक मूल आपल्यापुरतेच पोहत असते. घरी शिकणाऱ्या मुलाला खेळता येत नाही असे नव्हे; त्याला संघात, किंवा नागपूरकडील वर्तमानपत्रे ज्याला चमू म्हणतात त्यात, राहता येत नाही, कारण तशी वेळच त्याच्यावर आलेली नसते. घरात शिकविणाऱ्याचे सर्व लक्ष त्याच्या एकट्याकडे असते. त्याने प्रश्न विचारला की उत्तर मिळते, तो थकला की धडा थांबतो. ज्या सुखासाठी त्याला शाळेतून काढले, त्याच सुखाची ही दुसरी बाजू आहे.

येथे शाळांच्या वतीने फार फुशारकी मारण्याचे कारण नाही. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताचे शिक्षक उसना घेतात, आणि उसना घेतलेला तास परत केल्याचे उदाहरण विरळा. हजार विद्यार्थ्यांच्या शाळेचा संघ बारांचा असतो; उरलेले नऊशे अठ्ठ्याऐंशी टाळ्या वाजवितात. तेव्हा शाळेत गेलेले प्रत्येक मूल संघात खेळून मोठे होते, हा समज भाबडा आहे. फरक एवढाच की, शाळेतील मुलाला निदान मधल्या सुट्टीत भिडू गोळा करता येतात. घरी शिकणाऱ्या मुलाला मधली सुट्टी असते, पण भिडू नसतात.

मग अशा मुलांचा संघ उभा करावयाचा झाला तर खेळ कोणता निवडावा? क्रिकेटचे नाव प्रथम निघेल. विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ ह्या हंगामांत रणजी करंडक जिंकल्यापासून नागपूरच्या गल्लीगल्लीत त्याचे वारे आहे. परंतु क्रिकेटला साहित्य फार, जागा फार, आणि क्षेत्ररक्षणास सीमेवर उभे केलेल्या लहान मुलाला तासभर चेंडूचे दर्शनही होत नाही. ह्या कामाला खो-खोसारखा दुसरा खेळ नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ह्या खेळाचे नियम बांधले, तेव्हापासून त्यात पुष्कळ फेरफार झाले, पण खर्च काही वाढला नाही. जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत उंचीचे दोन खांब, चुन्याची फक्की, आणि २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद जमीन. लहानांना ह्याहून कमीही चालते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस ह्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताच्या पुरुषांनी व स्त्रियांनी दोन्ही विजेतेपदे मिळविली, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

परंतु स्वस्ताई हे काही मुख्य कारण नव्हे. मुख्य कारण ह्या खेळाच्या रचनेत आहे. आठ गडी एका ओळीत, एकाचे तोंड पूर्वेस तर दुसऱ्याचे पश्चिमेस, असे बसलेले असतात आणि नववा पाठलाग करीत असतो. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्यावाचून उलट फिरता येत नाही. पळणारा मात्र वाटेल तसा वळतो. म्हणजे एकटा गडी कितीही वेगाचा असला तरी पळणाऱ्याला तो एकट्याने गाठू शकत नाही. नेमक्या क्षणी बसलेल्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणावे, आपली धाव दुसऱ्याच्या हवाली करावी, आणि त्याने सोडलेल्या जागेवर मुकाट्याने बसावे, हा खेळाचा गाभा आहे. आणि बसलेल्यानेही खो मिळाल्यावाचून उठावयाचे नाही. पळणारा अगदी हाताशी आला तरी नाही. ज्या मुलाला घरात कधी आपल्या पाळीची वाट पाहावी लागली नाही, त्याला हा धडा कोणत्याही पुस्तकातून देता येणार नाही. पहिल्या आठवड्यात ही मुले खो देतच नाहीत. धावत राहतात, दमतात, गडी निसटतो, आणि मग दोष पळणाऱ्याच्या लबाडीला देतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखादे मूल अर्ध्या धावेत थांबून शेजाऱ्याला खो देते, गडी बाद होतो, आणि बाद करणारा दुसराच असूनही आनंद त्याला होतो. शिकविणाऱ्याने त्या क्षणाची वाट पाहावी. घाई करून तो आणता येत नाही.

खेळ ठरला, आता गडी मोजावयाचे. येथेच पुष्कळ बेत कागदावर राहतात. समजा, बऱ्याच खटपटीने नागपूर शहरातून घरी शिकणारी चौदा मुले जमली. कोणी धंतोलीतले, कोणी धरमपेठेतले, कोणी दूर मनीषनगरातले. आईबापांना वाटते, बारांचा संघ झाला आणि वर दोन राखीव! परंतु त्यांत आठ मुलगे व सहा मुली आहेत. वये सातपासून सोळापर्यंत आहेत. स्पर्धा पाहाव्या तर मुलांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या. चौदा वर्षांच्या आतील वेगळ्या, त्यावरील वेगळ्या. चाळणी लावता लावता चौदा वर्षांच्या आतील मुलगे उरतात पाच, आणि मुली चार. मैदानात एका वेळी नऊ गडी लागतात. राखीव धरून बारा तरी हवेत. केवळ घरी शिकणाऱ्या मुलींचा, एका वयोगटाचा पुरा संघ उभारावयाचा तर अशी चाळीसएक कुटुंबे एका गावात असावी लागतील, आणि तीही सायंकाळी अर्ध्या तासात मैदानावर पोचतील इतक्या जवळ.

केवळ घरी शिकलेल्या मुलांनी जगात संघ म्हणून काय करून दाखविले, असे विचारले तर हंगेरीतील पोल्गार भगिनींचे उदाहरण पुढे येते. त्यांचे वडील लास्लो पोल्गार ह्यांनी आपल्या तिन्ही मुलींना शाळेत न घालता घरीच शिकविले आणि बुद्धिबळात तयार केले. १९८८ साली ग्रीसमधील थेस्सालोनिकी येथे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड झाले, तेव्हा हंगेरीच्या महिला संघात ह्या तिघी बहिणी होत्या. धाकटी युदित त्या वेळी अवघी बारा वर्षांची होती. त्या संघाने सुवर्णपदक जिंकले. दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकल्यापासून नागपूरच्या घराघरांत पट मांडले जात आहेत, त्यांना ही गोष्ट ऐकावयास विशेष गोडी वाटेल. परंतु तिच्यातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. तो संघ चौघींचा होता, आणि चौथी इल्दिको माद्ल ही पोल्गारांच्या घरातली नव्हती. ज्या घराने तीन असामान्य खेळाडू एकाच छपराखाली घडविले, त्या घरालादेखील पुरा संघ घरातून देता आला नाही.

आता स्पर्धेचा प्रश्न. मुले सहा महिने आपसांत खेळली म्हणजे त्यांना परके प्रतिस्पर्धी हवेसे वाटू लागतात, आणि तेथे दाराशी शिक्का आडवा येतो. आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांची परंपरा मोठी आहे. तालुका किंवा महानगर, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय, अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट आहेत. परंतु ह्या पायऱ्यांची पहिली पायरी शाळेच्या आत आहे. प्रवेशपत्रावर मुख्याध्यापकाची सही व शाळेचा शिक्का लागतो. ज्या मुलाची शाळा म्हणजे त्याच्या घराची माडी, त्याच्या प्रवेशपत्रावर सही करावी कोणी? आईची सही तेथे चालत नाही.

अमेरिकेत हाच पेच पडला होता. फ्लॉरिडा राज्याने १९९६ साली कायदा करून असे ठरविले की, घरी शिकणाऱ्या मुलाला आपल्या भागातील सरकारी शाळेच्या संघातून खेळता यावे. त्याच राज्यातील टिम टीबो नावाचा मुलगा घरी आईजवळ शिकला, शेजारच्या भागातील शाळेच्या संघातून त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळला, आणि पुढे २००७ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधील श्रेष्ठ समजले जाणारे हाइझमन पारितोषिक त्याने मिळविले. मग अन्य राज्यांतून अशा कायद्याची मागणी होऊ लागली तेव्हा त्या विधेयकांना त्याचेच नाव पडले. आपल्याकडे तसा कायदा नाही. तो व्हावा काय? व्हावयास हरकत नाही. शाळेचे मैदान करदात्याच्या पैशाने राखले असेल तर करदात्याच्या मुलाला ते बंद का असावे, हा प्रश्न रास्त आहे. परंतु कायद्याची वाट पाहता पाहता दहा वर्षांचे मूल वीस वर्षांचे होते. म्हणून जो मार्ग आज खुला आहे तो आधी पाहावा.

तो मार्ग मंडळाचा आहे. महाराष्ट्रात खेळ हा मुळात शाळेचा नव्हताच. तो तालमीचा, आखाड्याचा व व्यायामशाळेचा होता. दूर कशाला, अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहा. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते काढले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा ह्या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डी व इतर देशी खेळ करून दाखविले. त्या पथकातील गड्यांची ओळख त्यांच्या मंडळाने होत होती. कोण किती इयत्ता शिकला हा प्रश्न तेथे गौण होता. आजही खो-खो, कबड्डी इत्यादी खेळांच्या जिल्हा संघटना आहेत. आणि विदर्भाच्या संघटना ह्या खेळांत महाराष्ट्रापासून वेगळा संघ राष्ट्रीय स्पर्धांना पाठवितात. ह्या वाटेने जाणाऱ्याला शाळा नसली तरी चालते, मंडळ मात्र हवे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवावयास किमान सात माणसे लागतात. सात पालक, एक घटना, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत काही खेपा, आणि संयम, एवढे भांडवल पुरते. त्यांतही संयमाचा भाग मोठा. मुलाचा महानगरपालिकेचा जन्मदाखला मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा; शाळेच्या नोंदवहीत ज्याची जन्मतारीख नाही, त्याच्या वयाचा दुसरा भक्कम पुरावा कोणता?

परंतु मंडळ नोंदविले तरी गड्यांचा हिशेब तोच राहतो. पाच मुलगे आणि चार मुली. उरलेले सात आणि आठ कोठून आणावयाचे?

ह्याचे उत्तर नागपुरातच आहे, आणि ते एका क्रीडाशिक्षकाने दिलेले आहे. श्री. विजय बारसे हे येथील हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. २००१ साली पावसाळ्यात त्यांना वस्तीतील काही मुले एक मोडकी बादली पायांनी लाथाडीत खेळताना दिसली. चिखल, पाऊस, आणि चेंडूच्या जागी बादली! ती पोरे त्या खेळात इतकी रमली होती की, निदान तेवढा वेळ ती वाईट संगतीपासून दूर आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी मुलांना चेंडू दिला, वस्त्यावस्त्यांचे संघ जमविले आणि ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू केला. पुढे त्याचेच ‘स्लम सॉकर’ झाले. २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाने त्या संस्थेला आपला विविधतेचा पुरस्कार दिला, आणि २०२२ साली श्री. नागराज मंजुळे ह्यांनी त्यावरून ‘झुंड’ हा चित्रपट काढला. चित्रपट सर्वांनी पाहिला. परंतु त्यातील आपल्या कामाची गोष्ट ही की, त्या संघात येण्यासाठी कोणाला शाळेचा दाखला आणावा लागला नाही. तो मुलगा मैदानावर आला, एवढे पुरे होते.

आता एका बाजूला आईबापांनी विचारपूर्वक शाळेतून काढलेली मुले आहेत आणि दुसऱ्या बाजूला परिस्थितीने शाळेबाहेर ठेवलेली, किंवा शाळेत जात असूनही मैदान न मिळालेली मुले आहेत. ही दोन टोके वाटतात, पण धंतोलीत ती एकाच गल्लीत राहतात. इस्पितळातील परिचारकांची मुले, औषधाच्या दुकानातील नोकरांची मुले, बंगल्याच्या मागील खोल्यांत राहणाऱ्या राखणदारांची मुले, कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा पुतण्या, इस्त्रीवाल्याच्या दोन मुली. आणि शेजारच्या सदनिकांतील सुखवस्तू शाळकरी मुलेही. संध्याकाळी पाचनंतर ही सगळी मोकळी असतात. पाच मुलग्यांचे बारा आणि चार मुलींच्या बारा करावयास एक फर्लांगदेखील चालावे लागत नाही. घरी शिकणाऱ्या मुलांचा संघ काढावयाचा असेल तर त्याची पहिली अट ही असावी की, तो केवळ घरी शिकणाऱ्या मुलांचा नसावा. एरवी निरनिराळ्या माड्यांवरची मुले आठवड्यातून दोनदा एका मोठ्या माडीवर जमली, एवढेच व्हावयाचे. तीच पुस्तके वाचलेली, तशाच घरांतील, तशाच आईबापांची मुले! त्यांत त्यांना नवे ते काय भेटणार?

हे बोलावयास सोपे आहे. करू जाता अडचणी दोहोंकडून येतात. घरी शिकविणाऱ्या पालकांपैकी काहींना भाषेची धास्ती असते. मूल मैदानावरून नवे शब्द घेऊन येईल, असे त्यांना वाटते. ते येईलच, आणि त्यांतील काही शब्द घरात उच्चारण्यासारखे नसतील. पण त्याच मैदानावर ते नागपुरी मराठी व हिंदी बोलावयास शिकेल, आणि ज्या गावात राहावयाचे तेथील बोली येणे ही लहान गोष्ट नव्हे. इस्त्रीवाल्याच्या घरची अडचण वेगळी. त्याची थोरली मुलगी संध्याकाळी कपडे पोचवावयास जाते. ती खेळावयास आली तर ते काम कोणी करावे? तेथे उपदेश कामाचा नाही. जिच्या घरचे कपडे ती पोचविते, त्या बाईंनी स्वतः जाऊन कपडे आणावे. खेळाच्या दिवशी मुलीचा तास मोकळा होतो. संघ उभारणाऱ्याला पुष्कळदा मैदानावर कमी आणि अशा दारांशी अधिक उभे राहावे लागते.

आणखी एक अडचण पालकांच्या प्रेमाची. ज्या आईने मुलाला अक्षरओळखीपासून सर्व स्वतः शिकविले, तिला मैदानाच्या कडेला स्वस्थ बसणे फार जड जाते. मूल चुकले की ती तेथूनच सांगते, मूल पडले की धावते. त्यात तिचा दोष नाही. वर्षानुवर्षांची ती सवय आहे. परंतु मुलाने आईकडे पाहून खो द्यावयाचा की कर्णधाराकडे पाहून? पहिले दोन महिने पालकांनी मैदानापासून लांब, हाक ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर बसावे. बरोबर विणकाम, वर्तमानपत्र, काय हवे ते आणावे. दहा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांची इस्त्रीवाल्याची मुलगी ‘अरे, खो दे ना लवकर!’ असे ओरडून सांगते आणि तो ऐकतो, हे दृश्य लांबूनही चांगले दिसते.

कर्णधार वयाने मोठा असावाच असे नाही, श्रीमंताचा असू नये असेही नाही. मुलांनी निवडावा व दर दोन महिन्यांनी बदलावा. सात-आठ वर्षांच्या चिमुकल्यांना मोठ्यांच्या सरावात अर्धा तास घ्यावे आणि मग त्यांना गुण लिहावयास बसवावे. गुण लिहिण्यात त्यांना फार प्रतिष्ठा वाटते, आणि बेरीजही पक्की होते.

जागेविषयी थोडे सांगितले पाहिजे. धंतोलीचे उद्यान आहे, पण ते फिरावयास येणाऱ्या वृद्धांचे व लहान बाळांचे आहे. तेथे खो-खो मांडणे योग्य नव्हे. यशवंत स्टेडियम कडेलाच आहे, पण नागपूरकरांना ते खेळांइतकेच सभांसाठी व धरण्यांसाठी ठाऊक आहे. खरी जागा आसपासच्या शाळांच्या पटांगणांत आहे. शाळा सुटल्यावर ती रिकामी पडतात. मुख्याध्यापकांना भेटून विनंती करावी, मात्र रिक्त हस्ताने जाऊ नये. पटांगणाच्या रेषा आम्ही आखू, खांब आम्ही रोवू, आणि आठवड्यातून एकदा तुमच्या संघाबरोबर सरावाचा सामना खेळू, असे सांगावे. शाळेच्या संघालाही प्रतिस्पर्धी हवाच असतो. ज्या शाळेत आपली मुले जात नाहीत, तिच्याच दारी पालकांनी जावयाचे, हे काहींना अवघड वाटेल. परंतु शाळेशी त्यांचे भांडण असलेच तर ते अभ्यासाच्या पद्धतीशी आहे. पटांगणाने त्यांचे काय केले आहे?

नागपूरची हवा ध्यानात घेऊन वेळ ठरवावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत मोठा सराव बंदच ठेवावा, फार तर सकाळी सहाला तासभर. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते. खरा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळचा सराव लवकर आटोपून रविवारी सकाळी भर काढावी. घरी शिकणाऱ्या मुलांना भर दुपारीही सवड असते, आणि तेवढ्यासाठी सरावाची वेळ दुपारची ठेवावी असा मोह पालकांना होईल. तो आवरावा, त्या वेळी गल्लीतील निम्मा संघ शाळेच्या बाकावर बसलेला असतो.

शिकवावयास शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला मनुष्य मिळाला तर उत्तम. निवृत्त क्रीडाशिक्षक ह्या शहरात पुष्कळ आहेत आणि संध्याकाळ त्यांनाही खावयास उठते. त्यांना मानधन द्यावे, फुकट राबवू नये. मैदानावर नेहमी दोन मोठी माणसे असावी, त्यांत एक स्त्री असावी, आणि कोणत्याही मुलाला कोणाही एकट्याबरोबर मागे ठेवू नये. हा नियम संशयाचा नसून शिस्तीचा आहे. वर्गणी ज्याला झेपेल त्याने द्यावी, ज्याला झेपत नाही त्याचे नाव वहीत वेगळे लिहू नये. बुटांचा प्रश्न आला तर सराव सगळ्यांनी अनवाणी करावा. खो-खो अनवाणी उत्तम खेळता येतो, आणि मग कोणाच्या पायात किती रुपयांचे बूट आहेत हे कोणी पाहत नाही. खड्यांसाठी मात्र सरावापूर्वी सर्वांनी एका ओळीत चालून मैदान वेचावे. त्याला पाच मिनिटे लागतात. मलमपट्टीची पेटी जवळ ठेवावी, जरी धंतोलीत इस्पितळ शोधीत जाण्याची पाळी कोणावर येत नाही.

पहिला सामना सरावास प्रारंभ झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ठेवावा, मग संघ तयार असो वा नसो. प्रतिस्पर्धी त्या पटांगणाच्या शाळेचाच असावा. पुष्कळ करून आपला संघ हरेल. सामना संपल्यावर खांब काढून घ्यावयाचे असतात, कारण रात्री ते मैदानावर राहत नाहीत असा अनुभव आहे. ते कोणाच्या घरी ठेवावयाचे, हे आधी ठरवून ठेवावे. दोन खांब, चुन्याची पिशवी आणि मोजण्याची फीत एवढे मावेल अशी, रस्त्याला लागून असलेली एखादी ओसरी पुरे. इस्त्रीवाल्याच्या टपरीमागे तेवढी जागा असते.